एक्स-रेनंतर सीटी की एमआरआय, आणि शिकायचं कुठं?

प्रश्न असा आहे: "रेडिओग्राफीचा डिप्लोमा झालाय, परिषदेची नोंदणी आहे, चार वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी एक्स-रे आणि पोर्टेबल (बेडजवळ मशीन नेऊन काढायचा एक्स-रे) करतोय. आता सीटी-एमआरआयमध्ये जायचं आहे. तीन महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स पुरेल का? आधी सीटी शिकू की थेट एमआरआय? पुढे आखातात किंवा इंग्लंड-अमेरिकेत जायचं ठरलं तर कशाचा उपयोग होईल?"

आधी माझं मत सांगते, कारणं नंतर. आधी सीटी शिका. जिथं रेडिओलॉजिस्ट त्याच इमारतीत बसतात आणि रात्रपाळी असते अशा ठिकाणी निदान वर्षभर शिका. एमआरआयची सुरक्षितता मात्र पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या, मग त्या खोलीत काम करायला दोन वर्षं लागली तरी चालेल. तीन महिन्यांच्या कोर्सबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे. नुसत्या त्या कागदाच्या जोरावर कुणी तुम्हाला रात्री एकटं मशीनवर बसवलं, तर ते तुमच्यासाठीही वाईट आणि पेशंटसाठीही.

हे इतकं ठामपणे म्हणते, कारण आपल्याकडची परिस्थितीच तशी झाली आहे. सीटी आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहे. मशीन तिथं असतं आणि रिपोर्ट करणारे डॉक्टर पुण्यात, मुंबईत, कधी दुसऱ्या राज्यात असतात. रात्री दोन वाजता मोटारसायकलवरून पडलेला पेशंट येतो, सोबत घाबरलेले नातेवाईक आणि कॅज्युअल्टीतले एक तरुण डॉक्टर. प्रतिमा पाठवल्यापासून रिपोर्ट येईपर्यंतच्या वेळात ती चित्रं पाहिलेले आणि पेशंटच्या शेजारी असलेले तुम्ही एकटेच असता. रिपोर्ट देणं आपलं काम नाही आणि तो अधिकारही आपल्याला नाही. पण मेंदूतला मोठा रक्तस्राव, मध्यरेषा सरकलेली, छातीत हवा भरून फुप्फुस दबलेलं, पोटात मोकळी हवा, महाधमनीचा पदर सुटलेला, एवढ्या गोष्टी डोळ्याला दिसल्याच पाहिजेत. त्या दिसल्या की रांगेतला नंबर येण्याची वाट न पाहता फोन उचलता आला पाहिजे. प्रगत प्रशिक्षण निवडताना मी एवढंच पाहते: शेजारी कुणी नसताना योग्य निर्णय घेण्याची तयारी त्यातून होते का? कन्सोलवरची बटणं पंधरा दिवसांत हाताला बसतात, त्यांची काळजी करू नका.

एक्स-रेमधून येताना तुम्ही बरंच काही सोबत आणता. पोझिशनिंगची नजर, वेदनेत असलेल्या माणसाला हलवण्याची पद्धत, किरणांची जाणीव. एक सवय मात्र बदलावी लागते. फिल्मच्या काळात एक्स्पोजर जास्त झालं की फिल्म काळी यायची आणि चूक सगळ्यांना दिसायची. सीटीत उलटं होतं. जितका डोस जास्त, तितकं चित्र गुळगुळीत आणि देखणं. जास्त किरणं दिली म्हणून रेडिओलॉजिस्ट तक्रार करत नाहीत, पेशंटला कळत नाही, मशीनही बहुतेक वेळा गप्प राहतं. त्यामुळे डोसचा हिशेब ठेवणारं माणूस कन्सोलवर बसलेलंच असावं लागतं.

हा हिशेब अवघड नाही. स्कॅन संपल्यावर डोस रिपोर्टवर सीटीडीआय (एका कापाइतक्या भागाला मिळालेला डोस) आणि डीएलपी (तो डोस गुणिले स्कॅनची लांबी) असे दोन आकडे येतात. मोठ्या माणसाच्या पोटाच्या स्कॅनसाठी डीएलपीला ०.०१५ ने गुणलं की अंदाजे परिणामी डोस मिलिसिव्हर्टमध्ये मिळतो. डीएलपी ६०० आला तर साधारण ९ मिलिसिव्हर्ट. छातीसाठी हा गुणक ०.०१४ आणि डोक्यासाठी ०.००२१ धरतात. लहान मुलांसाठी तो बराच मोठा असतो, म्हणून मोठ्यांचा प्रोटोकॉल (स्कॅनची ठरलेली सेटिंग) मुलाला लावणं हा गंभीर प्रकार आहे. आता असं बघा: प्लेन, आर्टेरियल, पोर्टल आणि डिलेड असे चार फेज, म्हणजे कॉन्ट्रास्टच्या (शिरेतून दिल्या जाणाऱ्या, चित्रात उजळणाऱ्या औषधाच्या) आधी आणि नंतर ठरलेल्या वेळी चार स्कॅन, घेतले तर हा आकडा जवळजवळ चौपट होतो. यकृतात गाठ असेल तर ते फेज लागतात. पण "किडनी स्टोन?" एवढंच लिहिलेल्या फॉर्मवर कमी डोसचा प्लेन स्कॅन पुरतो. फॉर्मवर नुसतं "सीटी अ‍ॅब्डोमेन" लिहिलं असेल आणि हिस्टरी कोरी असेल, तर फोन करून विचारा. दोन मिनिटं जातात आणि एखाद्या पंचविशीतल्या मुलीचे दोन-तीन फेज वाचतात. ती पेशंट वयात आलेली असेल तर पाळीची तारीख विचारणं हेही त्याच दोन मिनिटांत बसतं. सासू-नवऱ्यासमोर नाही, एकटीला आत घेऊन विचारायचं.

टेबलाच्या उंचीकडेही नीट लक्ष द्या. आजची बहुतेक मशीन स्काउटवरून (स्कॅनच्या आधी घेतलेल्या सपाट चित्रावरून) पेशंटची जाडी मोजतात आणि ट्यूबचा करंट स्वतः ठरवतात. पेशंट गॅन्ट्रीच्या (मशीनच्या गोल कड्याच्या) केंद्रात नसेल तर हे गणित बिघडतं. स्काउट घेताना ट्यूब वर असेल आणि टेबल जास्त उंच असेल, तर ट्यूबच्या जवळ आलेला माणूस मशीनला जाडा वाटतो आणि ते करंट वाढवतं. ट्यूब खाली असेल तर टेबल खाली गेल्यावर हेच होतं. उलट बाजूला चूक झाली की करंट कमी पडतो आणि चित्रात दाणे येतात. मग ते दाणे बघून कुणीतरी प्रोटोकॉलमधला करंटच कायमचा वाढवून ठेवतं. एका चुकीच्या उंचीमुळे पुढच्या शेकडो पेशंटचा डोस वाढलेला मी पाहिला आहे. लेझरच्या दोन्ही रेषा बघायच्या, आडवीसुद्धा. केव्हीचंही (ट्यूबच्या व्होल्टेजचंही) तसंच. कॉन्ट्रास्टमधलं आयोडीन ३३ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास किरणं सर्वांत जोरात शोषून घेतं, म्हणून सडपातळ माणसाच्या अँजिओला (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनला) १२० ऐवजी १०० केव्ही घेतलं तर रक्तवाहिन्या जास्त उजळतात आणि डोसही उतरतो. जाड माणसाला ते चालत नाही. असे निर्णय कारण समजून घेता येऊ लागले की तुमची सीटी बऱ्यापैकी शिकून झाली.

कॉन्ट्रास्टवर मात्र बराच वेळ द्यावा लागतो. चांगला आणि सुमार टेक्नॉलॉजिस्ट इथंच वेगळे पडतात. वॉर्डातून पेशंट येतो, मनगटाच्या मागं निळी किंवा पिवळी कॅन्युला, आणि फॉर्मवर लिहिलेलं असतं पल्मनरी अँजिओ, म्हणजे फुप्फुसाच्या धमन्यांचा स्कॅन. पल्मनरी अँजिओला सेकंदाला ४ ते ५ मिली वेग लागतो. निळी म्हणजे २२ गेज, पिवळी २४; आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक. कोपराच्या खोबणीत गुलाबी, म्हणजे २० गेज, किंवा हिरवी १८ हवी. "आहे त्यावर करून टाका" असा दबाव येतो, पेशंटची धाप बघून आपल्यालाही घाई होते. पण कमी वेगानं केलेला स्कॅन वाचता येत नाही, पुन्हा करावा लागतो, म्हणजे डोस दुप्पट आणि कॉन्ट्रास्टही दुप्पट. सिस्टरना विनंती करून नवी लाइन घ्या, हातानं सलाइन ढकलून तपासा आणि मगच इंजेक्टर जोडा. इंजेक्शन सुरू असताना पहिले काही सेकंद हात पेशंटच्या दंडावर असू द्या. औषध शिरेबाहेर जायला लागलं तर स्क्रीनवरच्या प्रेशरच्या आधी बोटांना कळतं.

वेळ साधणं हे पुढचं. यकृताचा उशिराचा आर्टेरियल फेज साधारण ३५ ते ४० सेकंदांना, पोर्टल ६५ ते ७० ला, हे आकडे पाठ असतातच. पण हृदय कमकुवत असलेल्या पेशंटचं रक्त सावकाश फिरतं आणि हे सगळे आकडे पुढं सरकतात. म्हणून घड्याळावर विसंबण्यापेक्षा बोलस ट्रॅकिंग शिकून घ्या: धमनीत छोटं वर्तुळ ठेवायचं आणि ठरलेली घनता आली की स्कॅन सुरू. वर्तुळ धमनीच्या भिंतीवरच्या कॅल्शियमवर पडलं तर स्कॅन वेळेआधी सुटतो. पेशंट हलला आणि वर्तुळ धमनीबाहेर गेलं तर तो सुटतच नाही. अशा वेळी हातानं सुरू करायचं धाडस आणि नजर दोन्ही लागतात.

आणि श्वास. पल्मनरी अँजिओच्या आधी "जोरात श्वास घ्या" म्हटलं की पेशंट छाती भरून घेतो, पोटाकडून कॉन्ट्रास्ट नसलेलं रक्त एकदम हृदयात ओढलं जातं आणि फुप्फुसाच्या धमनीत मध्येच फिकट पट्टा दिसतो. गुठळी आहे की रक्त मिसळलं नाही, हे मग कुणालाच सांगता येत नाही. "साधा श्वास घ्या आणि थांबवा" एवढंच सांगायचं. मशीनमध्ये भरून आलेला आवाज इंग्रजीत किंवा हिंदीत असतो. मेळघाटातली किंवा नंदुरबारची आजी तो ऐकून बावरते आणि नेमक्या त्या क्षणी मान वळवते. बहुतेक मशीनवर आपला आवाज रेकॉर्ड करून ठेवता येतो. मराठीत ठेवा, तुमच्याकडे पेशंट ज्या बोलीतले येतात त्या बोलीतही ठेवा. एवढ्या छोट्या कामानं किती स्कॅन हलण्यापासून वाचतात हे करून बघा.

सुरक्षिततेच्या बाजूनं एक गोष्ट अनेक ठिकाणी चुकीची शिकवली जाते: नुसतं क्रिएटिनीन (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) बघून पेशंट पास-नापास करणं. क्रिएटिनीन १.४ असलेल्या पंचविशीतल्या तरुणाचा जीएफआर (मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग, वय धरून काढलेला) सत्तरच्या आसपास येतो. तोच आकडा पंचाहत्तरीच्या बाईंचा असेल तर जीएफआर चाळिशीच्या खाली जातो. हिशेब जीएफआरचा ठेवा. तो ३० च्या खाली असेल तर रेडिओलॉजिस्टशी बोलल्याशिवाय इंजेक्टर भरू नका. मधुमेहाच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन आहे का, आधी कधी कॉन्ट्रास्टनं पुरळ किंवा धाप आली होती का, हे स्वतः विचारा, फॉर्मवरच्या टिकमार्कवर विसंबू नका. तीव्र अ‍ॅलर्जीत ॲड्रिनलिन मांडीत, स्नायूत देतात, मोठ्या माणसाला ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम. ते देणारे डॉक्टर असतील, पण किट कुठं आहे, त्यातली तारीख संपली आहे का, ऑक्सिजन सुरू होतो का, हे रोज सकाळी बघणारे तुम्ही असाल. आणि इमारतीत एकही डॉक्टर नसताना कॉन्ट्रास्ट द्यायला सांगितलं, तर नाही म्हणा. नोकरीच्या पहिल्या महिन्यात असलात तरीही.

आता एमआरआय. यात किरणोत्सर्ग नाही, म्हणून लोकांना ते सौम्य वाटतं. माझ्या मते आपल्या विभागातली सर्वांत धोकादायक खोली तीच. दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असतं आणि ते कधीच बंद नसतं. वीज गेली तरी, रविवार असला तरी, कन्सोल बंद केला तरी. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात पेशंटसोबत आलेला एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. त्याआधी २०१४ मध्ये नवी मुंबईत असंच सिलिंडर ओढलं गेलं आणि दोन कर्मचारी सुमारे चार तास मशीनला अडकून राहिले. २००१ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात सहा वर्षांचा मुलगा सिलिंडर लागून गेला. सतरा वर्षांच्या अंतरानं, दोन खंडांवर, वस्तू तीच. यात कुठंही सिलिंडर ओढलं गेलं ते मशीनच्या बिघाडामुळे नाही. दारात उभं राहून "थांबा" म्हणणारं माणूस तिथं त्या क्षणी नव्हतं, म्हणून घडलं.

ते दारातलं माणूस होणं हे एमआरआयचं पहिलं प्रशिक्षण. चार झोन (बाहेरच्या मोकळ्या जागेपासून मॅग्नेटच्या खोलीपर्यंतचे प्रवेशाचे टप्पे) कुठून कुठपर्यंत आहेत, मॅग्नेटच्या खोलीत कुणाला कधी सोडायचं, वॉर्डबॉय आणि सफाई कामगारांना हे कुणी समजावलं आहे का, ते विचारा. समजावलं नसेल तर तुम्ही समजावा. पेशंट मॅग्नेटमध्ये कोसळला तर तिथंच सीपीआर करत न थांबता त्याला लगेच बाहेर काढायचं असतं, कारण मदतीला धावत येणाऱ्यांच्या खिशात कात्री आणि स्टेथोस्कोप असतात. क्वेंचचं (आणीबाणीत चुंबक बंद करण्याचं) बटण कुठं आहे, ते दाबल्यावर काय होतं (द्रव हेलियमचा वायू होताना त्याचं आकारमान सुमारे सातशे पट होतं आणि पाइपमधून बाहेर गेला नाही तर खोलीतला ऑक्सिजन ढकलून देतो), ते कधी दाबायचं आणि कधी नाही, हे तोंडपाठ हवं.

खोलीत सोडण्याआधीची आपल्याकडची धातूची तपासणी पाश्चात्त्य फॉर्मवरून शिकता येत नाही. त्या फॉर्मवर सेफ्टी पिन नसते. आपल्या बायकांच्या पदराला, परकराच्या नाडीला, ब्लाउजच्या आत, बांगडीला अडकवलेली पिन असते आणि "काही धातू आहे का?" या प्रश्नाला त्या मनापासून "नाही" म्हणतात, कारण पिन त्यांना धातू वाटतच नाही. म्हणून नावं घेऊन विचारा: पिन, आकडे, मंगळसूत्र, जोडवी, नथ, पैंजण, कमरेचा करदोटा, दंडावरचा ताईत. सगळ्यांना गाऊन द्या, अपवाद नको. मंगळसूत्र काढायला आजी तयार नसतात. त्यांच्यावर ओरडू नका. सोबतच्या सुनेच्या किंवा लेकीच्या हातात ते द्या, स्कॅन झाल्यावर लगेच परत घालायचं सांगा, ऐकतात. वर्षानुवर्षं न निघालेली चांदीची जोडवी असतील तर रेडिओलॉजिस्टना विचारून, बाहेर हातातल्या चुंबकानं तपासून, पायाजवळ पॅड ठेवून पुढं जाता येतं. लोखंडी निघाली तर नाही. हात एकमेकांत गुंफून, मांड्या चिकटवून झोपलेल्या माणसाच्या अंगात प्रवाहाचा फेरा तयार होऊन भाजू शकतं, म्हणून मध्ये पॅड. शरीरातल्या इम्प्लांटबद्दल "बाकीचे करतात" हे उत्तर चालत नाही. पेसमेकर असेल तर कार्ड मागा, मॉडेल बघा, कोणत्या अटींवर चालतो ते वाचा. कार्ड नसेल तर स्कॅन नाही.

सुरक्षिततेनंतर सिक्वेन्स, म्हणजे चित्र घेण्याच्या पद्धती. टीआर (दोन लहरींमधला वेळ) आणि टीई (लहरीपासून सिग्नल वाचेपर्यंतचा वेळ) बदलल्यावर चित्र का बदलतं हे समजल्याशिवाय पुढं जाऊ नका. डिफ्युजनवर (पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या सिक्वेन्सवर) पांढरं दिसणारं सगळंच ताजा स्ट्रोक नसतो. त्याच हालचालीचं मोजमाप दाखवणाऱ्या एडीसी मॅपवर ते काळं आहे का, हे बघायची सवय लावा. मणक्याच्या स्कॅनमध्ये वरून मोजता येईल असा मोठा लोकलायझर (सुरुवातीचं दिशादर्शक चित्र) घ्या, कारण पातळी मोजण्यात चूक झाली तर सर्जन चुकीच्या मणक्यावर जाऊ शकतो. गॅडोलिनियमची (एमआरआयच्या कॉन्ट्रास्टची) मात्रा सहसा किलोला ०.१ मिलिमोल. बहुतेक औषधं मिलीला ०.५ मिलिमोलची असतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिली. गॅडोब्युट्रॉल मिलीला १ मिलिमोल असतं, त्याचे ६ मिलीच लागतात. दोन्ही बाटल्या एकाच कपाटात शेजारी ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. लेबल मोठ्यानं वाचा. आर्टिफॅक्ट, कॉइल, सॅट बँड हे सगळं सवयीनं येतं, त्यावर इथं जास्त लिहीत नाही.

मग हे शिकायचं कुठं? तीन महिन्यांच्या कोर्समध्ये वाईट काही नाही, पण पैसे भरण्याआधी प्रत्यक्ष जाऊन बघा. एका मशीनमागं किती विद्यार्थी आहेत? तुम्ही कन्सोलवर बसणार, की काचेमागून बघणार? रोज किती आणि कोणत्या प्रकारचे स्कॅन होतात, की दिवसभर नुसतं डोकं आणि कंबर? रेडिओलॉजिस्ट विद्यार्थ्यांशी बोलतात का? ट्रॉमा आणि स्ट्रोक येतात का? आधीच्या बॅचमधल्या दोघांना फोन करा आणि विचारा, पहिल्या नोकरीत एकट्यानं बसल्यावर काय अडलं. ही उत्तरं गुळमुळीत मिळाली तर तो पैसा वाचवा आणि मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयात थोड्या कमी पगारावर सीटीच्या रात्रपाळ्या घ्या. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या सीटीवर सहा महिन्यांत जे दिसतं ते छोट्या सेंटरवर तीन वर्षांत दिसत नाही. बाँड लिहून घेत असतील तर त्यात किती महिने मशीनवर आणि किती एक्स-रेवर, हे लेखी मागा. "सीटी शिकवू" म्हणून घेतलेली मुलं वर्षभर पोर्टेबल ओढत राहतात, हे फार ठिकाणी घडतं.

नवं मशीन बसतं तेव्हा कंपनीचे ॲप्लिकेशनवाले (मशीन वापरायला शिकवणारे) काही दिवस येतात. त्या दिवसांत सुट्टी घेऊ नका. त्या माणसाला प्रश्न विचारायचे असतील तर आधी लिहून ठेवा, कारण तो परत येईपर्यंत बराच काळ जातो.

आणि स्वतःची वही ठेवा. माझ्याकडे शिकलेल्या प्रत्येकाला मी हे करायला लावते. पहिल्या दोनशे सीटींची नोंद: डॉक्टरांचा प्रश्न काय होता, कोणता प्रोटोकॉल घेतला आणि का, केव्ही, डीएलपी, कॉन्ट्रास्टची मात्रा आणि वेग, वेळ चुकली का. पेशंटचं नाव लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट वाचून शेजारच्या रकान्यात लिहायचं: काय निघालं, आणि काल मला ते दिसलं होतं का. पहिल्या महिन्यात तो रकाना बहुतेक कोरा राहतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून भरू लागतो. कोणत्याही कोर्सपेक्षा या रकान्यावर माझा जास्त भरवसा आहे. रेडिओलॉजिस्टना आठवड्यातून एकदा ती वही दाखवली तर बहुतेक जण आनंदानं शिकवतात. त्यांनाही वाचता येण्याजोगे स्कॅन हवेच असतात.

कागदोपत्री बाजूही सांभाळा. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्यानं आपला व्यवसाय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांच्या यादीत आला. त्यात डिप्लोमासाठी किमान २००० तास आणि 'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणून गणल्या जाणाऱ्या पदवीसाठी किमान ३६०० तास अशी चौकट आहे. तुमचं वय लहान असेल तर पदवी पूर्ण करण्याचा विचार जरूर करा, कारण पुढचे बरेच दरवाजे तिथूनच उघडतात. राज्य परिषदेची नोंदणी चालू ठेवा. अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम नीट वाचा: साध्या एक्स-रेला नोंदणी पुरते, सीटी आणि कॅथलॅबला (हृदयाची अँजिओग्राफी होते त्या खोलीला) परवाना लागतो, आणि मंडळानं मान्य केलेला किरण सुरक्षा अधिकारी लागतो. अनुभवी टेक्नॉलॉजिस्टला हे पद मिळू शकतं आणि छोट्या सेंटरना अशा माणसाची गरज असते, त्यामुळे हेही एक प्रगत प्रशिक्षणच समजा. कामगारांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३०. टीएलडी बॅज (कर्मचाऱ्याला मिळालेला डोस मोजणारा बिल्ला) दर तीन महिन्यांनी बदलतो. तो ड्रॉवरमध्ये ठेवून काम करणारे सीनियर भेटतील, त्यांचं अनुकरण करू नका.

सीटी-एमआरआयखेरीजच्या वाटाही डोळ्यांसमोर असू द्या. मॅमोग्राफीत (स्तनांच्या एक्स-रेत) स्त्री टेक्नॉलॉजिस्टची फार गरज आहे आणि ते काम शिकायला दिसतं त्याहून अवघड आहे. तिरक्या चित्रात छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत यायला हवा, तिरक्या आणि वरून घेतलेल्या चित्रांत स्तनाग्रापासून मागच्या कडेपर्यंतच्या अंतरात एक सेंटिमीटरहून जास्त फरक नको. दाबताना दुखणाऱ्या बाईला धीर द्यायचा आणि तरी पुरेसं दाबायचं. कॅथलॅबमध्ये स्वतःला मिळणाऱ्या डोसची सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. पेट-सीटीचं आकर्षण अनेकांना असतं, पण त्यासाठी अणुवैद्यकाचं स्वतंत्र शिक्षण लागतं. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आणि टाटा मेमोरियलमध्ये ते मिळतं. सोनोग्राफीच्या मागे मात्र लागू नका. १९९४ च्या लिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे आपल्याकडे ती पात्र डॉक्टरांनीच करायची असते. "टेक्निशियनसाठी सोनोग्राफी कोर्स" अशी जाहिरात दिसली तर तिकडे फिरकूसुद्धा नका.

परदेशाचं थोडक्यात. आखाती देशांत त्या त्या आरोग्य खात्याची परीक्षा असते आणि पदवी-अनुभवाची कागदपत्रं मूळ संस्थेकडून पडताळली जातात. इंग्लंडमध्ये 'रेडिओग्राफर' हे नाव कायद्यानं संरक्षित आहे आणि एचसीपीसी या नियामक संस्थेची नोंदणी लागते. तिथं डिप्लोमा अपुरा पडू शकतो, पदवीचं महत्त्व म्हणूनच. अमेरिकेत एआरआरटी ही १९२२ पासूनची संस्था प्रमाणपत्र देते. सीटीचं प्रमाणपत्र आधीच्या मूळ प्रमाणपत्रावर मिळतं, त्यासाठी १६ तासांचं ठरावीक शिक्षण, प्रत्यक्ष केलेल्या स्कॅनची नोंद आणि परीक्षा. नंतर दर दोन वर्षांनी पुढच्या शिक्षणाचे २४ क्रेडिट. भारतातला डिप्लोमा घेऊन थेट या परीक्षेला बसता येईल असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर आधी संस्थेच्या नियमांत स्वतः वाचून बघा.

या सगळ्या ठिकाणी एकच कागद पुन्हा पुन्हा मागितला जातो आणि आपली माणसं तिथंच अडतात, तो म्हणजे अनुभवाचा दाखला. "यांनी आमच्याकडे टेक्निशियन म्हणून काम केलं" एवढा दाखला निरुपयोगी असतो. नोकरी सोडताना लेटरहेडवर लिहून घ्या: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, सीटी किती स्लाइसची, एमआरआय किती टेस्लाचा, कोणत्या तपासण्या स्वतंत्रपणे केल्या, आणि सही करणाऱ्या रेडिओलॉजिस्टचा नोंदणी क्रमांक. चार वर्षांच्या एक्स-रेचा असा दाखला सध्याच्या ठिकाणाहून आत्ताच मागून ठेवा. तिथले प्रमुख बदलले की तो मिळवायला फार धावपळ होते.